शहराचा कचरा आणि गावाची भरपाई

शहरात रोज सकाळी घंटागाडी येते. बायाबापडे डबा घेऊन दाराशी येतात, डबा गाडीत रिकामा करतात आणि घरात जातात. त्यांच्यापुरता कचरा संपला. पण कचरा खरोखर संपतो का? नाही. तो गाडीतून मोठ्या ट्रकमध्ये जातो, आणि ट्रक शहराबाहेर कोणत्या तरी गावाच्या शिवारात जातो. तिथे तो ओततात. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी ओततात. वर्षे जातात, आणि सपाट शिवारात एक टेकडी उभी राहते. तिला आपण कचरा डेपो म्हणतो.

ही टेकडी ज्या गावाशेजारी उभी राहते, त्या गावाने तो कचरा केलेला नसतो. मग त्या गावाचे जे नुकसान होते ते कोणी भरून द्यावे? कसे मोजावे? कोणाकडे मागावे? या प्रश्नांचा विचार आपण या पाठात करू. शहरे वाढत आहेत. आज जो प्रश्न शेजारच्या तालुक्यात आहे, तो उद्या आपल्या वेशीवर येऊ शकतो.

पुणे आणि उरुळी देवाची

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. पूर्वी पुणे शहराचा कचरा कोथरूडला टाकीत. कोथरूड तेव्हा शहराच्या कडेला होते. पुढे तिथे वस्ती वाढली, बंगले आले, आणि लोक कचऱ्याबद्दल तक्रार करू लागले. म्हणून १९८१ च्या सुमारास डेपो उरुळी देवाची या गावी नेला. हे गाव हडपसरच्या पुढे, सासवडच्या वाटेवर आहे. शेजारी फुरसुंगी आहे. आधी जागा थोडी होती. मग वाढत वाढत ती सुमारे १६३ एकर झाली.

आता बघा, कोथरूडच्या लोकांना जो वास नको होता तोच वास उरुळीच्या लोकांकडे गेला. फरक एवढाच की कोथरूडला मते जास्त होती, आणि उरुळीला कमी. हे माझे मत आहे, पण ते फारसे चुकीचे नसावे.

थोड्याच वर्षांत विहिरींचे पाणी बिघडले. पाण्याला रंग आला, वास आला. ज्या विहिरीवर बागायत होत होती, त्या विहिरीचे पाणी जनावर तोंडात घेईना. महापालिकेने पिण्याच्या पाण्याचे टँकर सुरू केले. ज्यांच्या स्वतःच्या विहिरी होत्या, त्या घरांतल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहू लागल्या. माश्या वाढल्या. कुत्री वाढली. उन्हाळ्यात ढिगाला आग लागे आणि धूर गावावर येई.

लोकांनी अर्ज केले, मोर्चे नेले. उपयोग झाला नाही की ते रस्त्यावर बसत आणि कचऱ्याचे ट्रक अडवीत. असे अनेकदा झाले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली. तेव्हा गावकऱ्यांनी सुमारे तीन आठवडे ट्रक आत जाऊ दिले नाहीत. पुणे शहरात रस्त्यारस्त्यांवर कचरा साठला. तेव्हा मोठमोठ्या पुढाऱ्यांना उरुळीची आठवण झाली. मुख्यमंत्र्यांपर्यंत बैठका झाल्या, आश्वासने मिळाली, आणि ट्रक पुन्हा सुरू झाले.

या लोकांच्या मागण्या काय होत्या? शुद्ध पाणी द्या. ज्यांच्या जमिनी डेपोत गेल्या त्यांच्या वारसांना महापालिकेत नोकरी द्या. नवा कचरा आणू नका, आणि जुना ढीग हटवा. यातले काही मिळाले, काही अर्धे मिळाले, काहींना वर्षे लागली. नोकरीचे आश्वासन मिळाल्यावर प्रत्यक्ष नेमणुकीची वाट पाहण्यात पोरांची उमेद सरली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही दोन्ही गावे पुणे महापालिकेत घेण्यात आली. पण कर जास्त आणि सोयी कमी, असा ओरडा झाला. शेवटी २०२४ साली ती महापालिकेतून बाहेर काढून दोघांची मिळून एक वेगळी नगरपरिषद केली गेली.

या भांडणातून शहरालाही काही शिकावे लागले. पुणे महापालिकेने शहरातच ठिकठिकाणी ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करण्याचे छोटे कारखाने उभारले. जुना ढीग खणून, चाळून, माती वेगळी आणि प्लॅस्टिक वेगळे करण्याचे काम हाती घेतले. गावाने ट्रक अडवले नसते तर हे इतक्या लवकर सुचले असते असे मला वाटत नाही.

विहीर काळी का होते?

भरपाई मागायची तर नुकसान कसे होते ते आधी समजले पाहिजे. नाहीतर समोरचा साहेब विचारतो, "तुमची विहीर कचऱ्यामुळेच खराब झाली कशावरून?" आणि आपण गप्प बसतो.

शहराच्या कचऱ्यात भाजीची देठे, शिळे अन्न, फळांच्या साली असतात. त्याबरोबर प्लॅस्टिक, बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, औषधे, फुटकी बल्बे असेही असते. ओला भाग कुजतो. कुजताना त्यातून पाणी सुटते. वरून पाऊस पडतो, तो ढिगातून झिरपतो आणि आतल्या वस्तूंचा अंश आपल्याबरोबर घेऊन खाली येतो. चहाची पूड फडक्यात घालून वरून गरम पाणी ओतले की खाली चहा उतरतो ना, तसेच हे. फक्त हा चहा काळा, घाण वासाचा आणि विषारी असतो.

हे काळे पाणी ढिगाखालून जमिनीत उतरते. आपल्या दख्खनच्या जमिनीत वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असतो. कातळ घट्ट दिसतो, पण त्याला भेगा असतात. आपल्या विहिरींना झरे लागतात ते या भेगांतूनच. ज्या वाटेने गोड पाणी विहिरीत येते, त्याच वाटेने हे काळे पाणीही येते. म्हणून कधी कधी डेपोला लागून असलेली विहीर बरी राहते आणि दोन शेते पलीकडची बिघडते. भेग जिकडे जाते तिकडे पाणी जाते. ही गोष्ट भरपाईच्या वेळी महत्त्वाची आहे, कारण "डेपोपासून अमुक अंतराच्या आतल्यांनाच पैसे" असा सरधोपट नियम केला तर पलीकडचा शेतकरी उपाशी राहतो.

दुसरी गोष्ट वायूची. ढिगाच्या पोटात हवा नसते. तिथे कुजताना जो वायू होतो त्यात जवळजवळ निम्मा मिथेन असतो. गोबरगॅसवर चूल पेटते ती मिथेनवरच. हाच वायू ढिगातून सुटतो आणि उन्हाळ्यात पेट घेतो. वरची आग विझवली तरी आत ती दिवसचे दिवस धुमसत राहते. प्लॅस्टिक जळते, आणि तो धूर छातीत जातो.

तिसरी गोष्ट ढीग कोसळण्याची. १ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीत गाझीपूर येथील कचऱ्याच्या डोंगराचा एक भाग पावसानंतर ढासळला. रस्त्यावरची वाहने शेजारच्या कालव्यात ढकलली गेली आणि दोन माणसे मेली. रस्त्याने चाललेली माणसे ती. कचऱ्याखाली माणूस मरेल असे कोणाच्या मनात तरी येईल का?

यावर उपाय आहेत. आपल्या देशात २००० साली आणि पुन्हा २०१६ साली शहरी कचऱ्याचे नियम झाले. त्यांत सांगितले होते की भराव घालण्याच्या जागेखाली ९० सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा थर दाबून बसवावा आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा घालावा, म्हणजे काळे पाणी जमिनीत उतरणार नाही. ते पाणी गोळा करून शुद्ध करावे. २०१६ च्या नियमांत असेही होते की अशी जागा वस्तीपासून आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर असावी, तळ्यापासून २०० मीटर आणि नदीपासून १०० मीटर दूर असावी. पण जुने डेपो या नियमांच्या आधीचे आहेत. त्यांच्याखाली ना चिकणमाती, ना पडदा.

भरपाई म्हणजे नेमके काय?

पुष्कळांना वाटते, भरपाई म्हणजे पैशाचे पाकीट. तसे नाही. भरपाईचे तीन निरनिराळे भाग आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की गाव फसते.

पहिला भाग म्हणजे झालेल्या नुकसानीचे पैसे. विहीर गेली, पीक गेले, म्हैस दगावली, दवाखान्याचा खर्च झाला. हे ज्याचे गेले त्याला मिळाले पाहिजे.

दुसरा भाग म्हणजे बिघडलेले पुन्हा नीट करणे. विहिरीचे पैसे मिळाले म्हणून विहीर स्वच्छ होत नाही. ढीग झाकणे, काळे पाणी अडवणे, नळाने चांगले पाणी आणून देणे, ही कामे आहेत. ती ज्याने बिघाड केला त्याने आपल्या खर्चाने करायची. पहिल्या भागाचे पैसे देऊन दुसऱ्या भागातून सुटका करून घेण्याचा डाव नेहमी खेळला जातो. टँकर सुरू केला की झाले, असे समजतात. टँकर ही तात्पुरती सोय आहे.

तिसरा भाग म्हणजे शेजारपणाचा मोबदला. नियम सगळे पाळले, पाणी बिघडले नाही, तरी रोज शंभर ट्रक दारावरून जाणार, वास येणार, जमिनीला गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि मुलीचे वडील म्हणणार, "त्या कचऱ्याच्या गावात कशाला द्यायची?" हा त्रास गाव शहरासाठी सोसते. त्याबद्दल शहराने गावाला काही दिले पाहिजे. हे दान नव्हे. आपण कोणाची गाडी आपल्या अंगणात उभी करू दिली तर भाडे घेतोच की.

या तिसऱ्या भागाचा एक हिशोब करून पाहू. शाळेत मी मुलांना अशीच गणिते घालीत असे. समजा, एक गाव शहराच्या कचऱ्यावर टनामागे २० रुपये आकार लावते. रोज ५० टन कचरा येतो. म्हणजे रोजचे १,००० रुपये झाले. वर्षाचे ३,६५,००० झाले. आकडा मोठा वाटतो. आता गावात ३०० घरे आहेत. सारखे वाटले तर दर घराला वर्षाला सुमारे १,२१६ रुपये येतात. पण विहीर बिघडल्यामुळे त्याच घराला रोज २० रुपयांचा पाण्याचा जार घ्यावा लागला, तर वर्षाचे ७,३०० रुपये जातात. मिळालेले पैसे दोन महिन्यांच्या पाण्यालाही जेमतेम पुरतात. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण कोणताही करार करण्यापूर्वी असे गणित पाटीवर मांडलेच पाहिजे. ते मांडले की दोन गोष्टी कळतात. एक, आकार किती लावायचा. दुसरी, पैसे घराघरांत वाटावेत की एकत्र ठेवून गावाला नळ आणावा.

परदेशात काय करतात?

दक्षिण कोरिया नावाचा एक देश आहे. त्याची राजधानी सोल हे फार मोठे शहर. त्याचा कचरा १९९२ पासून शेजारच्या इंचॉन शहराच्या हद्दीत एका मोठ्या डेपोत टाकू लागले. लोकांनी विरोध केला. मग १९९५ साली त्या देशाने कायदाच केला. कचरा टाकण्यासाठी जे शुल्क घेतात, त्याचा एक हिस्सा आसपासच्या रहिवाशांच्या निधीत जमा करायचा. हा हिस्सा कोणाच्या मेहरबानीवर नाही, तो कायद्याने बांधलेला आहे. आणखी एक चांगली गोष्ट त्या कायद्यात आहे. रहिवाशांची एक समिती असते. पाणी आणि हवा तपासणारी तज्ज्ञ संस्था कोणती असावी, ते ही समिती ठरवते. डेपोत काय येते ते पाहायला रहिवाशांतलेच देखरेख करणारे सुचवते. आपल्याकडे काय होते? ज्याचा डेपो तोच तपासणार, आणि तोच सांगणार की पाणी उत्तम आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. तिथे १९८१ च्या कायद्याने डेपो होण्याआधीच गावाने समिती नेमून डेपोवाल्याशी वाटाघाट करण्याची रीत घातली. दोघांचे जमले नाही तर सरकारी पंच निकाल देतात. वाटाघाटीत टनामागे किती पैसे एवढेच नसते. ट्रक किती वाजता येणार, कोणत्या रस्त्याने येणार, रस्ता कोण दुरुस्त करणार, विहिरी कोण तपासणार, घराची किंमत उतरली तर फरक कोण देणार, हे सगळे कागदावर येते.

इंग्लंडातही १९९६ साली भरावात टाकलेल्या कचऱ्यावर कर बसवला. डेपोवाल्याने डेपोजवळच्या गावांतील बागा, सभागृहे, जुन्या वास्तू यांसाठी पैसे दिले तर करात काही सूट मिळते, अशी व्यवस्था केली. या रीतीत मला एक खोट दिसते. बाग मिळते, पण ज्याची विहीर गेली त्याला बागेचा काय उपयोग?

आता स्वित्झर्लंडची एक गोष्ट सांगतो. ती साध्या कचऱ्याची नाही, अणुवीज केंद्राच्या घातक कचऱ्याची आहे, पण विचार करण्याजोगी आहे. १९९३ साली तिथल्या वोल्फेनशीसेन या लहान गावी असा कचरा पुरण्याचे घाटत होते. दोन अभ्यासकांनी गावकऱ्यांना विचारले, "तुम्ही हे मान्य कराल का?" निम्म्या लोकांनी हो म्हटले. देशाचा कचरा आहे, कोठेतरी पुरला पाहिजे, असे त्यांना वाटले. मग विचारले, "त्याबद्दल दरसाल पैसे दिले तर मान्य कराल का?" तुम्हाला वाटेल, हो म्हणणारे वाढले असतील. ते उलट कमी झाले! जेमतेम पाव लोक हो म्हणाले.

असे का झाले असेल? पैसे पुढे आले की कर्तव्याची गोष्ट सौद्याची होते. माणूस म्हणतो, "मला विकत घेता काय?" शिवाय त्याला शंका येते की एवढे पैसे देतात त्या अर्थी धोका मोठा असणार. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गावाला आधी विश्वासात घेतले नाही, खरे सांगितले नाही, आणि नुसती थैली पुढे केली, तर गाव चिडते. मग ते म्हणतात की गावकरी अडाणी आहेत, त्यांना विकास कळत नाही.

पैशाने सगळे मिटत नाही याचे आणखी एक उदाहरण आपल्या देशात, केरळात आहे. तिरुवनंतपुरम शहराचा कचरा २००० सालापासून विलप्पिलशाला या गावी नेत. खताचा कारखाना म्हणून काढला, पण वास आणि घाण पाणी गावाला मिळाले. डिसेंबर २०११ मध्ये ग्रामपंचायतीने कारखान्याच्या फाटकाला कुलूप ठोकले. पोलीस आणून कुलूप उघडण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा बायापुरुष रस्त्यावर आडवे झाले. कारखाना कायमचा बंद पडला. शहराचा नाइलाज झाला. घरोघर आणि गल्लोगल्ली ओल्या कचऱ्याचे खत करण्याची सोय करावी लागली. विलप्पिलशालाच्या लोकांना पैसे नको होते, कचरा थांबायला हवा होता. "नको" म्हणण्याचा हक्क हाही भरपाईच्या बोलण्यात धरला पाहिजे.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एक तत्त्व ठाम केले. जो घाण करील त्याने किंमत द्यावी. ते प्रकरण राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावाचे होते. तिथे रसायनांच्या कारखान्यांनी विषारी गाळ उघड्यावर टाकला. पावसाने तो जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचे पाणी निकामी झाले. न्यायालयाने सांगितले की माती आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्च कारखानदारांनी द्यावा. पण कारखानदारांनी अर्जांवर अर्ज करून वेळ काढला. २०११ साली न्यायालयाला पुन्हा कडक हुकूम करावा लागला की ३७ कोटींच्या वर असलेली ती रक्कम व्याजासह भरा आणि दाव्याचा खर्च द्या. मधे पंधरा वर्षे गेली. पंधरा वर्षांत पाळण्यातले मूल दहावीला बसते.

असे दावे लवकर निघावेत म्हणून २०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला. हे न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांची खास कचेरी. पश्चिम भारतासाठी तिचे खंडपीठ पुण्यालाच आहे. या कायद्याच्या १५ व्या कलमाखाली भरपाई मागता येते. नुकसानीचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत चुकवू नये. ट्रक अडवण्यात आणि आश्वासने ऐकण्यात पाच वर्षे केव्हा सरतात ते कळत नाही.

कशाकशाची भरपाई मागता येते, त्याची यादी कायद्याला जोडलेली आहे. मृत्यू, इजा, आजारपणाचा खर्च, बुडालेली मजुरी, मालमत्तेचे नुकसान. पिके, भाजीपाला, झाडे, फळबागा. दुभती जनावरे आणि ओढकामाची जनावरे. माती आणि पाण्याचा बिघाड. धंदा किंवा रोजगार बुडणे. यादी वाचली की वाटते, ती करणाऱ्याने खेडे पाहिलेले असावे.

मागितलेल्या रकमेच्या शेकडा एक इतके शुल्क पडते, आणि कमीत कमी १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही. कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून वकील लागतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिच्याकडे फुकट वकील मागता येतो. बाईमाणसाला, अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला ही मदत मिळकत न पाहता मिळते.

दावा जिंकण्यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे लेखी कागद. आपण आता लिहायला शिकलो आहोत, तर एक वही घालावी. आज विहिरीला वास आला, तारीख लिहावी. धूर आला, तारीख लिहावी. गाय आजारी पडली, डॉक्टरची चिठ्ठी वहीत चिकटवावी. टँकर आला नाही तो दिवस लिहावा. विहिरीचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि एकदाच नाही, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. डेपोच्या दूरच्या, चांगल्या विहिरीचेही पाणी तपासावे, म्हणजे फरक दाखवता येतो. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा तलाठ्याकडून करून घ्यावा. ग्रामसभेत ठराव करावा आणि त्याची नक्कल घ्यावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाने डेपोची तपासणी केली असेल तर तिचा अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागावा. २००५ च्या त्या कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

ज्यांच्या नावावर सातबारा नाही

भरपाईचे बोलणे निघाले की सातबारा विचारतात. ज्याच्या नावावर जमीन त्याला पैसे. पण धूर सातबारा पाहून छातीत शिरत नाही. गावात भूमिहीन मजूर असतात. बागायत गेली की त्यांची रोजची मजुरी जाते. शेत वाट्याने करणारे असतात. भाड्याने राहणारे असतात. आणि बाया असतात, ज्यांच्या नावावर बहुधा काहीच नसते, पण टँकरच्या रांगेत त्याच उभ्या असतात. वर सांगितलेल्या यादीत मजुरी आणि रोजगार बुडणे हे शब्द आहेत, ते अशा लोकांसाठी आहेत. गावाने यादी करताना यांची नावे आधी घालावीत. मोठ्या बागायतदाराचे नाव घालायला कोणी विसरत नाही.

आणखी एक वर्ग आहे. ढिगावर फिरून भंगार, बाटल्या, प्लॅस्टिक वेचणारे. त्यांच्या दृष्टीने डेपो ही भाकरी आहे. डेपो बंद झाला की गाव पेढे वाटते आणि या लोकांची चूल विझते. गावकरी आणि कचरावेचक यांची तिथे भांडणे होतात. ती होऊ नयेत. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली आपली संघटना केली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' नावाच्या सहकारी संस्थेमार्फत त्या घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचे काम करू लागल्या. ढिगावर वाकण्यापेक्षा ते काम बरे, आणि दारातच ओले-सुके वेगळे झाले तर गावाकडे जाणारा ट्रकही हलका होतो. तेव्हा डेपो बंद करण्याचा करार होत असेल तर त्यात या लोकांना दुसरे काम देण्याचे कलम घालून घ्यावे.

करारात शेवटी एक गोष्ट पाहावी. डेपो बंद झाला म्हणजे त्रास थांबला असे नाही. ढीग पुढे कित्येक वर्षे कुजत राहतो, काळे पाणी पाझरत राहते, वायू सुटत राहतो. म्हणून वर सांगितलेल्या नियमांत भराव बंद केल्यावरही निदान पंधरा वर्षे त्याची देखभाल करावी, असे सांगितले होते. त्या पंधरा वर्षांत विहिरी कोण तपासणार, दर किती महिन्यांनी तपासणार, अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार की नाही, आणि या सगळ्याचे पैसे आजच बँकेत वेगळे ठेवले आहेत का, हे सही करण्याआधी विचारून घ्यावे.